फेलेतीच्या कबरीचा फोटो

नाइतेच्या नवऱ्याची कबर ऑकलंडमधल्या एका मोठ्या दालनात भिंतीवर टांगली आहे, ही बातमी आमच्या बेटावरच्या गावात पहिल्यांदा मला लागली. माझी धाकटी बहीण फाने तिकडे असते. तिचा फोन आला तेव्हा मी चुलीपाशी अळूची पानं निवडत बसले होते.

मी म्हटलं, "कबर कशी टांगतील गं? ती तर इथंच आहे. सकाळीच तिच्या शेजारून आले."

"कबरीचा फोटो टांगलाय, लोसालिने. दाराएवढा मोठा. लोक समोर उभे राहून डोळे पुसताहेत."

"फेलेतीसाठी?"

फाने म्हणाली, "तेच तर मला कळत नाहीये."

मलाही कळलं नाही. आणि हे नाइतेला कसं सांगायचं, ते तर त्याहून कळेना.

नाइतेचं पूर्ण नाव मेलेनाइते. तिच्या आणि माझ्या घरांच्या मधे एक नीरफणसाचं झाड आहे, त्याच्या फळांवरून आम्ही गेली तीस वर्षं भांडतो आणि शेवटी अर्धी-अर्धी वाटून घेतो. साठी ओलांडलेली, हाडापेरानं भक्कम, चालताना जमीन जरा दबेल अशी बाई. आमच्या अकरा बायकांचा कापडाचा गट आहे. तुतीच्या सालीची पट्टी मोगरीनं बडवायची, पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या आणि मग त्या लांबच लांब तपकिरी कापडावर काळ्या रंगानं नक्षी काढायची. बडवायला आम्ही सगळ्या. पण कुठली रेघ कुठं जाईल, दोन पाखरांची नक्षी कुठं बसेल आणि मधे किती जागा सोडायची, हे नाइते ठरवणार. बोटानं हवेत एक रेघ ओढते आणि म्हणते, "इथून." झालं. बाकी मात्र तिला काहीही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "कुणास ठाऊक."

तिला मूलबाळ झालं नाही. नवरा फेलेती मासेमार. हसरा, बडबड्या, खोड्या काढणारा. प्रवाळाच्या कडेवरून परत येताना रोज कमरेला काहीतरी खोचून आणायचा आणि नाइतेच्या मांडीवर टाकायचा. कधी शिंपला, कधी मासे पकडायचं जाळं तरंगत ठेवणारा काचेचा गोळा, एकदा तर कुणालाच वाचता न येणाऱ्या अक्षरांची लाकडी फळी. "ही घे, तुझ्या माहेरची चिठ्ठी आलीय," म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी होडीतच त्याचं हृदय थांबलं. होडी तशीच वाहत होती. पलीकडच्या बेटावरच्या माणसांनी ओढून आणली.

आमचं दफनस्थान किनाऱ्याला लागून, पांढऱ्या वाळूत आहे. कबर सजवण्यात आमची माणसं कसूर करत नाहीत. ज्वालामुखीच्या बेटावरून आणलेले काळे गोटे, उलट्या रोवलेल्या बाटल्यांची कड, मागं टांगलेली गोधडी आणि फुलं. फुलं प्लास्टिकची, पांगाई बंदरावरच्या दुकानातली. नाइतेनंही पहिल्या वर्षी तसंच केलं. पण उन्हानं अर्धी जांभळी फुलं तीन महिन्यांत पांढरी पडली आणि उरलेली वाऱ्यानं नेली. एके दिवशी किनाऱ्यावर तिला जाळ्याचा एक हिरवा प्लास्टिकचा गोळा सापडला. तो तिनं उचलला, धुतला आणि फेलेतीच्या उशाशी ठेवला.

तिथून सुरुवात झाली. रोज भल्या सकाळी टोपली घेऊन निघायची. बाटल्यांची झाकणं, संपलेले लायटर, दात घासायचे ब्रश, दोरांचे तुकडे, बाहुल्यांचे हात. धुऊन रंगांप्रमाणे वेगळं करायची आणि वाळूवर मांडायची. निळ्या झाकणांच्या रेघा, पांढऱ्यांच्या मधल्या जागा, ब्रशांची पिसं. वर्षभरात फेलेतीच्या कबरीवर आमच्या कापडावरची दोन पाखरांची नक्षी उमटली. लांबून बघितलं तर कुणीतरी नवं कोरं कापड पांघरलंय असं वाटायचं.

गावात दोन तट पडले. पाळकांची बायको पिसिला एकदा कबरीपाशी थांबून म्हणाली, "नाइते, नवऱ्यावर कुणी कचरा ठेवतं का?"

नाइते खाली बसून झाकण बसवत होती. तिनं मानही वर केली नाही. "तो समुद्रातून माझ्यासाठी आणायचा. आता मी त्याच्यासाठी आणते."

"अगं, पण ते शिंपले होते!"

"आता शिंपले मिळत नाहीत, पिसिलाबाई. हे मिळतं."

पिसिलाबाई निघून गेली. पण पुढच्या रविवारी चर्चच्या वाटेवर ती मुद्दाम वाकडी वाट करून कबर बघून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग लेसिएली आली. नाइतेचा धाकटा भाऊ सोआने ऑकलंडला स्थायिक झालेला, त्याची ही मुलगी. तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. सव्वीस वर्षांची, गळ्यात कॅमेरा, आमची भाषा बोलते पण अडखळत, जणू तोंडात गरम रताळं आहे. फोटोग्राफी शिकलेली. समुद्रातल्या प्लास्टिकवर फोटोंचं प्रदर्शन करायचं म्हणून दोन महिने राहायला आली होती. आमच्यात आत्याचा मान बापापेक्षा वरचा. आत्यानं डोळे वर केले तरी भाचरं गप्प होतात. लेसिएली तिकडे काहीही असली, नाइतेच्या घरात दारातून वाकूनच आत यायची.

तिनं आल्या आल्या गटातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, "उद्या सकाळी मी तुमच्या किनाऱ्याचे फोटो काढणार आहे."

आम्ही काय समजायचं? परदेशातून पोर आलीय, किनाऱ्याचे फोटो तिकडच्या लोकांना दाखवणार. आम्ही अकरा जणी अंधार फिटायच्या आत उठलो, खराटे घेतले आणि चर्चपासून जुन्या धक्क्यापर्यंतचा अख्खा किनारा झाडून काढला. गोळा केलेलं सगळं वाळक्या नारळाच्या झावळ्यांनी झाकलं. मग आंघोळी करून, कमरेला मानाच्या विणलेल्या चटया गुंडाळून, तेल लावून उभ्या राहिलो.

लेसिएली आली. इकडे बघते, तिकडे बघते. "आत्या, कचरा कुठे गेला?"

"काढला," नाइते अभिमानानं म्हणाली.

"का?"

"तू फोटो काढणार म्हणालीस ना!"

पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं. आत्यासमोर नाही म्हणता येईना आणि हसताही येईना. शेवटी म्हणाली, "आत्या, मला कचऱ्याचेच फोटो हवे होते."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्यातली सर्वांत थोरली, सुलिआना, म्हणाली, "बरोबर ऐकलं का मी? विमानानं आली ती ह्यासाठी? तिकडे मिळत नाही का कचरा?"

"असेल तिकडचा महाग," दुसरी कुणीतरी म्हणाली.

मग काय, झावळ्या बाजूला करून आम्ही तो पुन्हा वाळूवर पसरला. पण लेसिएली म्हणे, असा नको, लाटेनं टाकला होता तसा हवा. लाटेनं कसा टाकला होता हे कुणाच्या लक्षात होतं? दोघींनी एक फुटकी बादली इथं होती की तिथं यावरून वाद घातला. त्या दिवसाचे फोटो लेसिएलीनं पुढे कधी कुणाला दाखवले नाहीत.

त्यानंतर ती रोज एकटी फिरायची. पडून, गुडघ्यांवर बसून, पाण्यात उभी राहून फोटो काढायची. एका दुपारी दफनस्थानाच्या बाजूनं आली आणि फेलेतीच्या कबरीपाशी जी थांबली ती हललीच नाही. मी तिथं माझ्या आईच्या कबरीवरचं गवत काढत होते. बराच वेळ ती कॅमेऱ्याला हातसुद्धा लावत नव्हती. नंतर धावत नाइतेकडे गेली.

मी मागोमाग गेले. नाइते कापडाची घडी घालत होती.

"आत्या, काकांच्या कबरीचा फोटो काढू?"

"काढ की. तुझ्या बापाला दाखव, मी कशी राखलीय ते."

"मला तो प्रदर्शनात लावायचा आहे. खूप लोक बघतील."

"बघू देत. फेलेतीला माणसं आवडायची."

प्रदर्शन म्हणजे काय, लेसिएलीनं नीट सांगितलं नाही आणि नाइतेनं विचारलं नाही. नाइतेच्या मनात ऑकलंडमधल्या आमच्या चर्चची बैठकीची खोली होती, जिथं आपली माणसं लग्नांचे आणि मयतांचे फोटो लावतात. लेसिएलीच्या मनात काय होतं ते तेव्हा तिलाच माहीत. चर्चमधून शिडी आणली, ती माझ्या आईच्या कबरीशेजारी रोवली आणि मी खालून धरून ठेवली. पोरीनं वरून, अगदी सरळ खाली बघत फोटो काढले. उन्हं उतरेपर्यंत.

आणि पाच महिन्यांनी फानेचा तो फोन आला.

तिनं माझ्या फोनवर फोटो पाठवला होता. तो घेऊन मी नाइतेकडे गेले. वाटेत नीरफणसाखाली दोनदा थांबले. शेवटी फाने म्हणाली ते सगळं सांगितलं आणि तिच्या हातात फोन दिला.

ती खूप वेळ बघत होती. बोटानं मोठा करायचा ते मी दाखवलं, मग एकेक झाकण बघत गेली. "रंग छान आलेत," म्हणाली. नंतर म्हणाली, "क्रूस कुठाय?"

क्रूस नव्हता. फेलेतीचं नाव लिहिलेला, पांढरा रंग दिलेला लाकडी क्रूस चौकटीबाहेर राहिला होता. फोटोत नुसती नक्षी होती, कडेपासून कडेपर्यंत.

"आणि खाली काय लिहिलंय?"

फानेनं ते कळवलं होतं. मी सांगितलं, "समुद्राची कबर."

"समुद्र कधी गेला?" नाइतेनं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "आणि लोक रडताहेत म्हणालीस. त्यांना फेलेती माहीत होता का?"

"नाही गं."

"मग त्यांचं कोण गेलंय?"

मी काय सांगणार? म्हटलं, "कुणास ठाऊक." त्या दिवशी ते वाक्य माझ्या तोंडी आलं.

आठवड्यात गावभर झालं. गावप्रमुख नाइतेच्या अंगणात येऊन म्हणाले की जगभर आपल्या गावाची बदनामी झाली, माणसं कचऱ्यात पुरतात असं लोक म्हणतील. दुसऱ्याच दिवशी तेच येऊन म्हणाले, की कबर बघायला पाहुणे येणार असतील तर आधी सांग, वाट साफ करून ठेवतो. कावाच्या मुळांचं पेय प्यायला बसलेल्या पुरुषांत तर रोज त्यावरच चर्चा. होपोआते म्हणाला, "माझ्या आईच्या कबरीवर दोनशे बाटल्या आहेत. तिचा का नाही काढला? ती काय कमी मेलीय?" सगळे हसले, पण अपमान झाला की मान मिळाला, यावर काही त्यांचं एकमत होईना. पिसिलाबाई मात्र "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाली नाही. उलट नाइतेला लोणीपाव देऊन गेली, आणि त्यानं नाइते जास्तच गोंधळली.

माझ्याशी ती बोलायची, पण अर्धवट. "तिनं मला फसवलं का, लोसालिने?" आणि थोड्या वेळानं, "पण मीच हो म्हटलं होतं." कधी म्हणायची, "एवढा मोठा फोटो. फेलेती खूश झाला असता." आणि लगेच, "पण त्याचं नावच नाही. खूश कसा होईल?" लेसिएलीचे फोन येत होते. नाइते उचलत नव्हती. रागावून नाही. उचलून काय बोलायचं, ते सुचत नव्हतं.

मार्चअखेरीस पश्चिमेचा वारा सुटला. दोन दिवस आम्ही दारं लावून बसलो. तिसऱ्या दिवशी दफनस्थानात गेलो तर सगळ्या कबरी एकसारख्या दिसत होत्या, नुसती ओली वाळू. गोधड्या झाडांवर अडकल्या होत्या, बाटल्या आडव्या झाल्या होत्या, फुलं नावालाही नव्हती. फेलेतीच्या कबरीवर क्रूस कलून उभा होता. बाकी काही नव्हतं. एक झाकणसुद्धा नाही.

नाइते रडली नाही. क्रूस सरळ केला आणि हात झटकले.

पाच-सहा दिवसांनी आम्ही दोघी ओहोटीला बेटाच्या मागल्या बाजूला खायचे शिंपले शोधायला गेलो. तिकडे फारसं कुणी जात नाही. वळण घेतलं आणि थबकलो. भरतीच्या रेघेवर, वाहून आलेल्या शेवाळात, गुलाबी, पिवळी, जांभळी, सगळी फुलंच फुलं. आमच्या दफनस्थानातली. होपोआतेच्या आईची मोठी लाल फुलं तर मी लगेच ओळखली. त्यांच्यात नाइतेची झाकणं होती, ब्रश होते, हिरवे गोळे एकत्र बांधलेला दोर होता. ती गाठ फक्त तिचीच. आणि त्या सगळ्याच्या खाली-वर आम्ही कधी न पाहिलेलं आणखी कितीतरी, नवं आलेलं.

नाइते खाली बसली आणि निवडायला लागली. "हे आपलं. हे आपलं नाही. हे आपलं. हे... हे कुणाचं?" दोन ढीग केले. निळं झाकण हातात घेऊन थांबली. तसल्या झाकणाची निळी रेघ तिनं कबरीवर घातली होती. पण तसलीच झाकणं वाळूवर शंभर होती. तिनं ते एका ढिगात टाकलं, उचललं, दुसऱ्यात टाकलं. थोड्या वेळानं दोन्ही ढीग एकमेकांत मिसळले.

"लोसालिने, ह्यातला कचरा कुठला?"

एका बाजूला एक समुद्रपक्षी एका जांभळ्या पाकळीला चोच मारत होता, ओढून बघत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. नाइतेनं त्याच्याकडे बघितलं. मग उठली, ओरडली, हात हलवले, तेव्हा तो उडाला. ती पाकळी तिनं उचलली. पहिल्या वर्षी दुकानातून आणलेल्या फुलांसारखी होती. तिचीच होती की आणखी कुणाची, कोण सांगणार!

त्या दिवशी आम्ही शिंपले आणले नाहीत. पोतं भरून हे सगळं आणलं.

मे महिन्यात जहाजानं सोआने आणि लेसिएली आले. सोआने अकरा वर्षांनी गावात पाय ठेवत होता. उत्तम विणीच्या दोन चटया आणल्या होत्या, डुक्कर सांगून ठेवलं होतं. माफी मागायची तर रीतीनं मागायची.

आता आमच्यात भाऊ मोठा झाला की बहिणीच्या समोर बसून मोकळेपणानं बोलत नाही. तिच्या खोलीत जात नाही, तिच्यासमोर वाकडा शब्द काढत नाही. सोआने नीरफणसाच्या झाडाखाली घराकडे पाठ करून बसला. लेसिएली माफीची खूण म्हणून फाटकी चटई कमरेला गुंडाळून उंबऱ्याशी मान खाली घालून बसली. नाइते आत. आणि मधे मी, निरोप पोचवायला. झाडापासून दारापर्यंत आठ पावलं. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी मी जात-येत होते.

सोआने म्हणाला, "ताईला सांगा, पोरगी माझी आहे, चूक माझी आहे."

मी आत जाऊन म्हटलं, "तो म्हणतो चूक त्याची."

"त्यानं कधी फोटो काढलाय का?"

मी बाहेर आले. "विचारते, तू कधी फोटो काढलास का."

"नाही, पण कॅमेरा मी घेऊन दिला होता."

"म्हणतो, कॅमेरा त्यानं घेऊन दिला होता."

"मग त्याला म्हणावं, कॅमेरा चांगला आहे. रंग छान येतात."

झाडाखाली सोआनेचे खांदे हलले. हसला की रडला, पाठीवरून कळलं नाही.

मग नाइते लेसिएलीकडे वळली. तिच्याशी सरळ बोलता येत होतं. "मला एक सांग. ती माणसं का रडतात?"

लेसिएलीनं मान वर न करता सांगितलं, "आत्या, मी किनाऱ्याचे शंभर फोटो लावले होते. लोक बघायचे आणि पुढे जायचे. कचरा बघायला कुणी थांबत नाही. तुझ्या फोटोपाशी थांबले. आधी त्यांना वाटतं, कापड आहे. किती सुंदर, म्हणतात. जवळ येतात. मग ब्रश दिसतात, लायटर दिसतात. तिथे त्यांचा चेहरा बदलतो. आपल्याच बाथरूममधला ब्रश आहे, असं वाटतं त्यांना."

"म्हणून रडतात? ब्रशसाठी?"

"समुद्रासाठी. किंवा लाज वाटते म्हणून. मला पक्कं माहीत नाही, आत्या."

"आणि फेलेती?"

लेसिएली अगदी हळू म्हणाली, "त्यांचं नाव मी कापलं. नाव असतं तर लोक म्हणाले असते, ही एका माणसाची कबर आहे. मला ती सगळ्यांची करायची होती."

"सगळ्यांची कशी होईल?" नाइते म्हणाली. "तो माझा नवरा होता."

बाहेर सोआनेनं डोकं दोन्ही हातांत धरलं. मी दारातच उभी राहिले. निरोप न्यायचा की नाही, कळेना.

नाइते उठली. मला वाटलं, आता पोरीला बाहेर काढते. ती मागच्या खोलीत गेली आणि ते पोतं ओढत घेऊन आली. लेसिएलीच्या पुढ्यात चटईवर ओतलं. वाळू, शेवाळ, फुलं, झाकणं, दोर.

"ह्यात मी समुद्रात टाकलेलं आहे आणि समुद्रानं माझ्याकडे टाकलेलं आहे. तू शिकलेली आहेस. वेगळं करून दाखव."

लेसिएलीनं हात पुढे केला, एक झाकण उचललं, परत ठेवलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही करता येत, आत्या."

"मलाही नाही आलं." नाइते तिच्याशेजारी बसली. आत्यानं भाचीच्या बरोबरीनं उंबऱ्यात बसणं आमच्यात होत नाही. पण बसली. "मला तुझा राग यायला हवा ना? लोसालिनेला विचार, मी किती प्रयत्न केला. येतो, अर्धा येतो, आणि मग तो पक्षी आठवतो. तू लिहिलंस ते खोटं म्हणावं, तर ही फुलं माझीच असतील. खरं म्हणावं, तर माझ्या माणसाचं काय?"

तिनं रिकामं पोतं हातात घेतलं आणि म्हणाली, "चल. पुन्हा काढ."

"काय काढू?"

"कुणास ठाऊक. मी तिथे बसते. तू काढ."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नाइते काळे कपडे घालून, पोतं घेऊन कबरीपाशी बसली. या वेळी शिडी नाही. लेसिएली तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसली होती, क्रूस आणि त्यावरचं नाव चौकटीत ठेवून. नाइतेनं पोत्यातून एक झाकण काढलं. वाळूवर ठेवायला गेली आणि हात तसाच राहिला. ठेवेना आणि मागेही घेईना. दफनस्थानाच्या कुंपणापलीकडून सोआने बघत होता. मी पिसिलाबाईजवळ उभी होते. ती कुजबुजली, "ठेवणार का?" मी म्हटलं, "गप्प बसा हो." दोन तास हे चाललं. नाइतेनं तीन झाकणं ठेवली, दोन उचलली. शेवटी उठताना गुडघा धरून म्हणाली, "काही जमलं नाही."

लेसिएली म्हणाली, "जमलं, आत्या."

तो दुसरा फोटो आता पहिल्याच्या शेजारी लागलाय. खाली फेलेतीचं पूर्ण नाव आहे आणि पुढे लिहिलंय, "...यांची कबर, आणि त्यांची पत्नी मेलेनाइते, जिला ठरवता येत नाही." शब्द नाइतेनंच फोनवर सांगितले. फाने बघून आली. म्हणाली, या फोटोसमोर कुणी रडत नाही. पण माणसं पहिल्यापेक्षा जास्त वेळ थांबतात आणि दारावरच्या रखवालदाराला विचारतात, त्या बाई झाकण ठेवणार आहेत की उचलणार आहेत? रखवालदार आपल्याच देशातला, टोंगाटापू बेटावरचा. तो बिचारा वैतागलाय.

गावात थोडं बदललं, थोडं नाही. आमच्या गटानं ठरवलं, की दुकानातली फुलं कबरींवर घालायची नाहीत, सालीच्या कापडाची करायची. पावसात त्यांचा लगदा होतो, तरी आम्ही करतो. पण होपोआतेच्या आईचा स्मृतिदिन आला तेव्हा तो पांगाईहून लाल फुलांचे दोन गठ्ठे घेऊन आला. म्हणाला, "आईला लालच आवडायची. तुमच्या सालीला लाल रंग येतो का?" येत नाही. त्यानं फुलं तारेनं घट्ट बांधली, एवढं मात्र केलं.

नाइते अजूनही रोज सकाळी टोपली घेऊन जाते. आणलेलं कबरीवर घालत नाही आणि टाकतही नाही. टाकणार कुठे? गावाचा कचऱ्याचा खड्डा भरतीला पाण्यानं भरतो. तिच्या मागच्या खोलीत आता नऊ पोती झाली आहेत. फेलेतीवर काळे गोटे आहेत आणि कापडाची एक पट्टी, तिच्यावर दोन पाखरं. ती झिजली की नवी घालते. लेसिएली दर रविवारी फोन करते, नाइते उचलते. बोलणं फार होत नाही. "पोती किती झाली?" "नऊ." "बरं, आत्या."

परवा आम्ही कापड बडवून झाल्यावर सावलीत बसलो होतो. नाइतेनं अचानक विचारलं, "लोसालिने, मी गेले की माझ्यावर काय घालशील?"

मी म्हटलं, "असलं काय विचारतेस?"

"विचारते. तूच घालणार ना? दुसरं आहे कोण?"

गोटे म्हणावं, तर ज्वालामुखीच्या बेटावर आता होड्या जात नाहीत. कापड म्हणावं, तर तिच्यासारखी रेघ मला ओढता येत नाही. आणि तिनं दोन-अडीच वर्षं वेचलेलं ते सगळं, ते तिच्याशिवाय कुणाचं आहे? मी विचार करत राहिले. ती वाट बघत राहिली.

"सांगते," मी म्हटलं. "घाई आहे का?"

"नाही," ती म्हणाली आणि मोगरी पुसायला घेतली.